चार विसा, साडेतीन घर आणि पहिले सहा महिने

कॅनडाच्या क्यूबेक या फ्रेंचभाषक प्रांतात नुकत्याच पीआर (कायमचे रहिवासी) होऊन आलेल्या वाचकांची पत्रं या वेळी बरीच जमली. त्यातली काही घेते.

ताई, आमची मुलगी आठ वर्षांची. पुण्यात इंग्रजी माध्यमात होती. इथे माँट्रियालमध्ये इंग्रजी शाळेत घालता येईल का?

नाही. पुण्याचं इंग्रजी माध्यम इथे उपयोगी पडत नाही. 1977 सालच्या फ्रेंच भाषेच्या सनदेनुसार, म्हणजे सगळे ज्याला 'कायदा 101' म्हणतात त्यानुसार, मुलं माध्यमिक शाळा संपेपर्यंत फ्रेंचमधूनच शिकतात. सवलत मुख्यतः अशा मुलांना, ज्यांचे आई किंवा वडील कॅनडाचे नागरिक आहेत आणि त्यांचं बहुतेक प्राथमिक शिक्षण कॅनडातच इंग्रजीतून झालंय. सरकारी अनुदान न घेणाऱ्या खासगी शाळेचा रस्ता मोकळा असतो, पण फी बघून तुम्हीच मागे फिराल.

खरं सांगू? लेकीची काळजी करू नका, स्वतःची करा. फ्रेंच न येणाऱ्या मुलांना 'क्लास दाकय' असतो, म्हणजे स्वागताचा वर्ग. तिथे आधी भाषा, मग बाकीचे विषय. वर्षभरात ती तुमचे उच्चार सुधारायला लागेल आणि शाळेतून आलेली पत्रं तुम्हाला वाचून दाखवेल. हे दुसरं होऊ देऊ नका. आठ वर्षांच्या पोरीला आईबापाची दुभाषी करणं मला बरं वाटत नाही.

माझं सॉफ्टवेअरचं काम पूर्ण इंग्रजीत चालतं. दुकानातही 'बाँजूर-हाय' असं फ्रेंच-इंग्रजी दोन्हीत म्हणतात. मग फ्रेंच शिकायची खरंच गरज आहे का?

पगारासाठी कदाचित नाही. बाकी सगळ्यासाठी आहे. 2022 मध्ये मंजूर झालेल्या 96 क्रमांकाच्या कायद्यानंतर प्रांतिक सरकार नव्या स्थलांतरितांशी पहिल्या सहा महिन्यांनंतर फ्रेंचमध्येच व्यवहार करतं. आरोग्य, सुरक्षा असे अपवाद आहेत, पण कराचं पत्र त्यात बसत नाही. आणि नोकरी गेली तर? पुढची कंपनी इंग्रजीतच बोलेल याची खात्री कोण देणार?

'फ्राँसिझासियाँ केबेक' या सरकारी खिडकीतून फुकट वर्ग मिळतात: पूर्णवेळ, संध्याकाळचे, ऑनलाइन. जागेसाठी थांबावं लागतं, म्हणून सामान उघडायच्या आधी नाव नोंदवा.

मराठी माणसाला ही भाषा वाटते तितकी परकी नाही. तू आणि तुम्ही यांतला फरक आपल्याला शिकवावा लागत नाही. टेबल पुल्लिंगी की स्त्रीलिंगी, यावर इंग्रजीवाले डोकं धरतात. आपण तीन लिंगं सांभाळत मोठे झालो, इथे दोनच आहेत. नाकातले स्वर आपल्याला जमतात. ऐंशीला फ्रेंच 'चार वीस' म्हणतात, ते ऐकून मला हसूच आलं होतं. माझी आजी बाजारात चार विसाच मोजायची! घशातून काढायचा 'र' मात्र छळतो. छळू दे.

आणि पुण्यात आलियाँस फ्राँसेझमध्ये, म्हणजे फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेत, शिकून आला असाल तरी गाफील राहू नका. तिथे 'दिने' म्हणजे रात्रीचं जेवण. इथे 'देजने' ही न्याहारी, 'दिने' दुपारचं आणि 'सुपे' रात्रीचं. पहिल्याच वर्षी एका शेजारणीने दिनेला बोलावलं आणि मी संध्याकाळी सात वाजता मिठाईचा डबा घेऊन दारात. बिचारीने दुपारभर वाट पाहिली होती.

पत्नीला पाचवा महिना आहे. आरोग्य विम्याला तीन महिने थांबावं लागतं असं ऐकलं. बाळंतपणाचं काय?

तीन महिन्यांपर्यंतची प्रतीक्षा खरी आहे, पण गरोदरपण आणि बाळंतपणाच्या उपचारांना ती लागू नाही. मात्र अर्ज आज करा, थांबू नका. सूर्याचं चित्र असलेलं ते कार्ड, 'कार्त सोलेय', हातात येईपर्यंतची कागदपत्रं जपून ठेवा. बाकी आजारांसाठी त्या काळापुरता खासगी विमा घ्या. औषधांचा विमा वेगळा आणि सक्तीचा: तुमच्या कंपनीचा असेल तर तो घ्यावाच लागतो, नसेल तर सरकारी. रात्री-अपरात्री शंका आली तर 811 वर नर्स भेटते.

माँट्रियालशेजारच्या लवालमध्ये 'साडेतीन' घर बघितलं. मालक दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि पुढच्या तारखांचे चेक मागतोय.

दोन्ही मागण्याचा त्याला अधिकार नाही. क्यूबेकच्या दिवाणी कायद्यानुसार मालक फक्त पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ मागू शकतो. आपल्याकडे डिपॉझिट दिल्याशिवाय किल्ली मिळत नाही, म्हणून मराठी माणूस निमूटपणे पैसे काढतो. भाडेकरार सरकारी छापील नमुन्यावरच करा. त्यात गेल्या वर्षीचं भाडं लिहायची जागा असते, ती रिकामी सोडू देऊ नका. साडेतीन म्हणजे स्वयंपाकघर धरून तीन खोल्या, न्हाणीघर म्हणजे अर्धं. बहुतेक करार 30 जूनला संपतात आणि 1 जुलैला सगळं शहर एकमेकांचे फ्रिज जिन्यावरून उतरवत असतं. त्या दिवशी ट्रक मिळत नाही.

भारतीय लायसन्स चालतं का?

स्थायिक झाल्यापासून सहा महिने. नंतर लेखी आणि गाडी चालवण्याची, दोन्ही परीक्षा. 1 डिसेंबर ते 15 मार्च हिवाळी टायर सक्तीचे.

पीआर क्यूबेकमार्फत मिळाली. भाऊ ऑन्टारियो प्रांतात ब्रॅम्प्टनला आहे. तिकडे जाऊ का?

कॅनडाच्या हक्क-स्वातंत्र्यांच्या सनदेचं सहावं कलम पीआरधारकाला कोणत्याही प्रांतात राहायची मुभा देतं आणि पाच वर्षांतले 730 दिवस देशात कुठेही भरले तरी चालतात. पण क्यूबेकमध्ये राहण्याचा इरादा तुम्ही अर्जात लिहून दिला होता. विमानतळावरूनच भावाकडे गेलात, तर तो इरादा खरा होता का, असं विचारलं जाऊ शकतं. इथे खरोखर राहून पाहिलं असेल, घरभाडं, नोकरीचे अर्ज, फ्रेंचचा वर्ग यांचे कागद असतील, तर गोष्ट वेगळी. जायचंच ठरलं तर तारीख बघून निघा: 31 डिसेंबरला ज्या प्रांतात राहता, त्या वर्षाचा प्रांतिक कर साधारणपणे तिथला. क्यूबेकमध्ये असाल तर केंद्राचं एक आणि रेव्हेन्यू केबेकचं, म्हणजे प्रांताच्या कर खात्याचं, एक, अशी दोन विवरणपत्रं भरावी लागतील.