बॅशमध्ये लूप संपल्यावर अ‍ॅरे रिकामा का दिसतो?

तुम्ही कॅटने फाइल वाचून ती पाइपमधून व्हाइल-रीड लूपला दिली आहे आणि लूपच्या आत प्रत्येक नाव अ‍ॅरेत जोडलं आहे. आत एको केलं की नावं दिसतात, बाहेर आल्यावर मात्र संख्या 0. तुमच्या जोडण्यात काहीच चूक नाही, घोळ पाइपचा आहे. बॅश पाइपलाइनमधला प्रत्येक भाग वेगळ्या सबशेलमध्ये, म्हणजे चालू शेलच्या स्वतंत्र प्रतीत चालवतं. तिथे व्हेरिएबलची प्रत बदलते आणि लूप संपला की त्या प्रतीसकट सबशेलही संपतं. मूळ अ‍ॅरेला कुणी हातच लावलेला नसतो.

पाइप काढून टाका. लूपच्या शेवटी डन लिहून पुढे < आणि फाइलचं नाव द्या. नावं एखाद्या कमांडमधून येत असतील तर डन < <(कमांड) असं लिहा, आणि दोन < चिन्हांमधली मोकळी जागा विसरू नका. तुमची पाइपवाली मूळ स्क्रिप्ट झेडशेल (zsh) या दुसऱ्या शेलमध्ये मात्र बरोबर चालते, कारण तिथे पाइपलाइनचा शेवटचा भाग चालू शेलमध्येच चालतो. म्हणूनच लोक इथे हमखास गोंधळतात.

फक्त ओळी गोळा करायच्या असतील तर लूप हवाच कशाला? ओळी थेट अ‍ॅरेत भरणारी मॅपफाइल -टी (mapfile -t) वापरा, ती सोय बॅश 4.0 पासून आहे. मॅकसोबत येणारं बॅश अजून 3.2 आहे, तिथे लूपच लिहावा लागेल.

आणि लूप लिहिलात तर कृपया रीडला -आर (read -r) द्याच, नाहीतर नावातले बॅकस्लॅश गायब होतात.