टाइम क्रिस्टल म्हणजे फुकटची एनर्जी का?

प्रश्न: एका व्हिडिओत ऐकलं की टाइम क्रिस्टल एनर्जी न घेता कायम हलत राहतो. मग हे अखंड चालणारं यंत्रच झालं की! आणि गुगलने तो क्वांटम कॉम्प्युटरवर बनवला म्हणजे नक्की केलं काय?

उत्तर: नाही हो, फुकट काही मिळत नाही. पण गोंधळ होणं साहजिक आहे, कारण २०१२ मध्ये नोबेल विजेते फ्रँक विल्चेक यांनी कल्पना मांडली तीच जवळपास तशी होती, की स्फटिकात अणू ठराविक अंतराने परत परत येतात तसं काळाच्या बाबतीत का होऊ नये, सगळ्यात कमी ऊर्जा असतानाही वस्तू आपोआप लयीत का हलू नये. २०१५ मध्ये वातानाबे आणि ओशिकावा या भौतिकशास्त्रज्ञांनी गणिताने दाखवलं की समतोलात, म्हणजे बाहेरून काहीच न ढकलता वस्तू आपली स्थिर झालेली असताना, हे जमत नाही. झालं, तो मार्ग बंद.

मग लोकांनी बाहेरून ठोके द्यायला सुरुवात केली. २०१७ साली मेरीलँडच्या टीमचा पेपर आला, त्यात यटर्बियम या धातूच्या १० आयनांच्या (विद्युतभारित अणूंच्या) रांगेवर ठराविक वेळाने लेझर पल्स मारले होते. एका पल्सने आयनाचा स्पिन (त्याचा इवल्याशा चुंबकासारखा गुण) उलटा, दुसऱ्याने सुलटा, म्हणजे दोन पल्सला एक फेरी. यात काय विशेष? काहीच नाही. गंमत पुढे आहे, पल्स मुद्दाम जरा चुकवायचा, स्पिन पूर्ण उलटणारच नाही असा. सुटे स्पिन असतील तर चूक साठत जाते आणि लय बिघडते, पण स्पिनचा एकमेकांवर जोर असला की ते सगळे मिळून दोनचा ठेका सोडतच नाहीत! हा आडमुठेपणा म्हणजे टाइम क्रिस्टल, नुसतं हलणं नव्हे. हार्वर्डवाल्यांनी त्याच वर्षी हिऱ्यातल्या साधारण दहा लाख स्पिनवर हेच दाखवलं, तेही रूम टेंपरेचरला.

एनर्जीचं म्हणाल तर लेझर चालू ठेवावाच लागतो. फक्त सिस्टिम ती ऊर्जा पिऊन तापत जात नाही, आणि तिच्यातून काम काढून घ्यायचीही सोय नाही.

गुगलच्या सायकॅमोर या क्वांटम चिपवर २०२१ मध्ये २० क्यूबिट (क्वांटम कॉम्प्युटरचे बिट, इथे स्पिनच्या जागी) घेऊन गेट्सचा, म्हणजे क्यूबिटवर करायच्या क्रियांचा, एकच क्रम ठोक्यांसारखा परत परत चालवला. सिग्नल तिथेही हळूहळू विझतोच, म्हणून त्यांनी तेच सर्किट उलटं चालवून तपासलं की हा दोष चिपमधल्या नॉइजचा (बारीकसारीक गडबडींचा) की ठेकाच मुळात टिकाऊ नाही. निघाला नॉइजचा.