जीपचा मास्टर सिलिंडर नवा टाकला, तरी ब्रेकचं पॅडल नरमच का?

जुन्या महिंद्रा जीपला नवा मास्टर सिलिंडर (पॅडल दाबलं की चाकांकडे ब्रेक ऑइल ढकलतो तो) टाकला, चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा तीनदा काढली, तरी पॅडल गादीवर पाय ठेवल्यासारखं लागतं, असं तुम्ही लिहिलंय. भाऊ, हवा बहुतेक चाकांच्या ब्रेकमध्ये नाहीच, सिलिंडरातच अडकली आहे. नवा सिलिंडर कोरडाच बसवला की पिस्टनपुढची हवा तिथंच दबते अन् तिथंच फुगते.

तो परत काढा. व्हाईसमध्ये (शिकंजात) आडवा धरा, ब्रेक ऑइल भरा, पाइपाच्या भोकावर बोट ठेवा. पेचकसानं पिस्टन हळू आत लोटताना बोट जरा सैल करायचं, पिस्टन मागे येताना घट्ट दाबायचं. आधी नुसता फेस फसफसतो. मग बुडबुडे थांबतात अन् बोट दाबून धरलं तर पिस्टन दगडासारखा अडतो. तेव्हाच गाडीत बसवा. ऑइल डॉट ३ दर्जाचंच, अन् सीलबंद डब्यातलं. रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, नाहीतर रंग उचलला जातो.

मग चाकांच्या ब्रेकची हवा परत काढा. स्टीअरिंग उजवीकडे असेल तर आधी मागचं डावं चाक, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. निपल (चाकामागचा हवा सोडायचा स्क्रू) बंद झाल्याशिवाय पॅडलवरचा पाय उचलायचा नाही. माझा पुतण्या मोबाइल पाहत पाय उचलायचा, त्यात आमची अर्धी दुपार गेली. ब्रेक ऑइलची टाकी पायाखाली असते, म्हणून फळीवरची झाकणी उघडून ऑइल पाहत राहा. एवढं करूनही दुसऱ्या दाबाला पॅडल वर येऊन कडक होत असेल, तर हवा नाही, ड्रममधले ब्रेक शू सेट करायचे राहिलेत.

अन् पॅडलला अर्धा इंच मोकळी चाल ठेवाच. पॅडलचा रॉड सिलिंडरच्या पिस्टनला टेकलेला राहिला तर ऑइल टाकीत परत जायचं बारीक छिद्र झाकलेलंच राहतं. मी हे विसरलो होतो. पॅडल असं कडक झालं होतं की मी खूश! कापूस विकून यवतमाळहून दारव्ह्याकडे निघालो, अन् थोड्या वेळात गाडी ओढेना, ड्रममधून जळका वास. पुतण्यानं पाण्याची कॅन उचलली, ती मी हिसकावली. तापल्या ड्रमवर गार पाणी पडलं तर तो तडकतो. पान्यानं निपल जरा खोललं, ऑइलची चिळकांडी उडाली अन् चाकं सुटली. रॉड दोन फेरे मागे घेतला, तेव्हा घरी पोचलो.