चारशे रुपये

"ज्या पोरासाठी एवढं केलं, त्यानंच माझ्या पाकिटातून चारशे रुपये काढले. आता त्याला दारात उभं करू की नको?"

समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न मला फार वेळा ऐकावा लागतो. रक्कम बदलते, कधी पैशाऐवजी नुसतं खोटं बोलणं असतं. या वेळी विचारणारे होते इचलकरंजीतले एक निवृत्त शिक्षक. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मुलगा पंधरा वर्षांचा, नववीतला. वडील यंत्रमागावर, बारा तासांच्या पाळीत. पगार झाला की पुढचे दोन दिवस दारूचे, आणि मग मार खायची वेळ आईची. पोरगा शाळा बुडवून मागासाठी कांड्या (सुताची रिळं) भरायला जायचा. सर त्याला गणित शिकवायचे, जेवायला घालायचे.

माझ्यासमोर बसला तेव्हा त्याच्या भुवईत कापसाचा तंतू अडकला होता. खुर्चीचं फाटलेलं रेक्झिन तो नखानं आणखी उसवत होता. चोरीचं मी काढलंच नाही. विचारलं, "पगाराच्या रात्री झोपतोस कुठं?"

"मागावर."

"त्या खडखडाटात?"

"त्यो एकसारखा असतोय. घरात आवाज कवा हुईल सांगता येत न्हाई."

एवढं बोलून गप्प झाला. मला पुरेसं होतं.

पैशांचं म्हणाल तर सरांना मनातून वाटत होतं, आईच्या औषधासाठी घेतले असतील. तसं काही नव्हतं. दोस्तांबरोबर चायनीज खाल्लं आणि मोबाइलला रिचार्ज मारला. मदत करणाऱ्या माणसाला चोरीमागं एखादं हळवं कारण हवं असतं. ते मिळालं नाही की राग दुप्पट होतो. पण ज्याच्या घरात उद्याचा भरवसा नाही, ते पोर हातातलं आजच संपवतं. शिवाय, आपण नको तसं वागल्यावरही हा माणूस टिकतो का, हे तपासून बघतं.

सर त्या परीक्षेत नापास होत होते. खूश असले की पोटभर माया. नाराज झाले की आठ-आठ दिवस अबोला. म्हणजे इथंही आवाज कधी होईल, सांगता येत नव्हतं. सरांना हे ऐकायला आवडलं नाही.

ठरलं ते असं : मंगळवार आणि शनिवार, संध्याकाळी सहा ते सात. मुलगा येवो न येवो, सरांनी कट्ट्यावर बसायचं. पैसे आठवड्याला पन्नासप्रमाणे फेडायचे, त्यावर प्रवचन नाही. पाकीट मात्र कपाटात ठेवायचं. विश्वास ठेवायचा म्हणून मोह समोर ठेवायची गरज नसते.

तीन वेळा तो आलाच नाही. चौथ्यांदा पावणेसातला सायकल ढकलत आला, चेन उतरलेली. "बसलाय का बघाय आलतो," म्हणाला. सरांनी सायकल धरली, त्यानं चेन चढवली. उरलेल्या पाच-सात मिनिटांत एकच गणित झालं.

एक चूक मात्र माझी. एका शनिवारी त्याच्या दंडावर वळ दिसला. "कुणाला सांगू नका" म्हणाला, सरांनी शब्द दिला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच वडिलांना जाब विचारायला गेले. त्या रात्री पोराला जास्त मार बसला. मारहाण, लैंगिक त्रास किंवा जीव द्यायची भाषा असेल तर गुपित राखायचा शब्द कधीच द्यायचा नाही आणि एकट्यानं घरावर चालून जायचं नाही, हे मी सरांना पहिल्याच दिवशी बजावायला हवं होतं. मुलाला आधीच सांगायचं, "असं काही असेल तर मला पुढं सांगावंच लागेल, पण तुला विचारात घेऊन." १०९८ हा मुलांच्या मदतीसाठीचा नंबर दिवसरात्र, फुकट लागतो, बाल कल्याण समितीकडेही जाता येतं. लैंगिक अत्याचाराची शंका असली तरी २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) कळवणं बंधनकारक आहे.

मग १०९८ लावला, तोही मुलाला शेजारी बसवून. आता पगाराच्या रात्री तो मामाकडे झोपतो. वडिलांची दारू सुटलेली नाही.

चारशेपैकी तीनशे परत आलेत. दोन हप्ते थकलेत. मंगळवारी तो आला होता, पैशांचं काही बोलला नाही. सरांनीही विचारलं नाही, पण वहीत लिहून ठेवलंय.