शिंदीवर खजुराचं कलम? फसू नका

प्रश्न: बांधावर शिंदीची वीसेक झाडं आहेत. रोपविक्रेता त्यांवर ‘बारही’ जातीच्या खजुराचं कलम बांधून देतो म्हणतो. बांधू का?

उत्तर: नको. ताडकुळातल्या झाडावर कलम बसतच नाही. आंब्याच्या सालीखाली जो वाढीचा थर असतो, तो ना शिंदीत आहे ना खजुरात; सांधा जुळणार कशाने? अशा एका ‘कलमा’ची काळी चिकटपट्टी मी स्वतः सोडून पाहिली. आत सलग खोड, त्यावर चाकूची एक रेघ. साधं बीचं रोप होतं ते.

ही दोन्ही चुलत भावंडं, इतकंच. शिंदीचं फळ जेमतेम 2-3 सेंमी, बी मोठी, गर नावाला. तिची खरी किंमत नीरेत. खोड एकटं, बुंध्याला फुटवे नाहीत. खजुराला कोवळ्या वयात फुटवे येतात. जातिवंत रोप त्यातूनच मिळतं, नाहीतर टिश्यू कल्चरचं (प्रयोगशाळेत वाढवलेलं). हातभर रोप पाहून शिंदी की खजूर, हे मलाही छातीठोक सांगता येत नाही; विक्रेता कशावरून सांगतो? बीची रोपं घेऊच नका. त्यांत निम्मे नर निघतात आणि ते फुलोरा आल्यावरच कळतं. ‘नराची मादी करणारं’ औषधही विकतात. नर तो नरच, पैसे घालवू नका.

अनुदान घेणार असाल तर: महाडीबीटीवर (राज्य शासनाच्या योजनांचं संकेतस्थळ) अर्ज, पूर्वसंमतीनंतरच खरेदी, पक्की पावती जपा.

प्रश्न: खजुराला फुलोरा येतो, फळ धरत नाही. दुकानदाराने टॉनिकची मात्रा दुप्पट करायला सांगितली.

उत्तर: टॉनिक बंद करा, अडचण परागणाची आहे. मादीच्या फुलोऱ्यावरचा कोष (आवरण) उकलला की दोन-तीन दिवसांत नर फुलोऱ्याच्या दोन-तीन काड्या त्यात उलट्या खोचून सुतळीने सैल बांधा. वेळ गेल्यावर पिंपभर टॉनिक ओतलं तरी उपयोग नाही. कोष उकलल्यावर फवारणी तर अजिबात नको. हाताने परागण केलं तर शंभर माद्यांमागे पाच-सहा नर पुरतात. नर कमी पडला तर बांधावरच्या शिंदीचा पराग चालतो, म्हणून ती झाडं तोडू नका. पण पहिली पसंती खजुराच्याच नराला; परागाप्रमाणे फळाचा आकार आणि पिकण्याची वेळ बदलते.

सोंड्या भुंग्यासाठी (खोड पोखरणारी कीड) शेंड्यात फोरेट हे कीटकनाशक टाकायला कुणी सांगितलं तर ऐकू नका. 2020 च्या अखेरीपासून त्यावर बंदी आहे. शिवाय शेंडा एकच असतो. तो जळला की झाड गेलं, शिंदी असो वा खजूर.