‘तुमच्या मुलीची निवड झाली आहे, आता फक्त फी भरा’

मुलांना जाहिरातीत, मालिकेत काम मिळवून देणारी एजन्सी खरी की खोटी, हा प्रश्न घेऊन येणारे पालक माझ्याकडे बहुधा घाईत येतात. एजन्सीने दिलेली मुदत त्याच संध्याकाळी संपत असते. ‘मॅडम, भरू का नको, एवढंच सांगा.’ माझ्या खुर्चीत बसून कुठल्याही एजन्सीला प्रमाणपत्र देता येत नाही. पण ते कसं पारखायचं हे मात्र दाखवता येतं, म्हणून एका कुटुंबाचा अनुभव लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी सात वर्षांची. ‘बालमॉडेल हवेत’ अशी जाहिरात मोबाइलवर पाहून आईने तिचे दोन फोटो पाठवले. लगेच बोलावणं आलं. भाड्याने घेतलेला हॉल, मुलांची रांग, छातीवर नंबरची चिठ्ठी. कॅमेऱ्यासमोर नाव सांगायचं, चालून दाखवायचं, हसायचं. रात्री फोन आला: इतक्या मुलांतून तुमची मुलगी निवडली आहे. आता पोर्टफोलिओचे, म्हणजे मुलीच्या खास काढलेल्या फोटोसंचाचे, आणि वर्षभराच्या नोंदणीचे पैसे भरा, पहिलं काम महिन्याभरात. रक्कम आईच्या दोन पगारांएवढी होती. बाबा म्हणाले, ‘हा सगळा पैसे काढायचा धंदा आहे.’ आईच्या कानांनी ऐकलं ते वेगळंच: याला आपल्या मुलीत काही दिसतच नाही. दोघं माझ्यासमोर बसले तेव्हा एजन्सी बाजूलाच पडली होती.

मी आईला विचारलं, ‘रात्री फोन ठेवलात तेव्हा मनात पहिल्यांदा काय आलं?’

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘कुणीतरी बघितलं तिला.’ मुलगी शाळेत अबोल. प्रगतिपुस्तकात दर वेळी ‘वर्गात बोलत नाही’ हाच शेरा. नातेवाइकांत धाकट्या भावाचंच कौतुक. आणि त्या रात्री एक अनोळखी बाई फोनवर म्हणाली होती, ‘तिच्या डोळ्यांत काहीतरी आहे हो.’

अशा पालकांना लोक सरसकट हावरे ठरवतात, प्रसिद्धीच्या मागे लागलेले म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. माझ्यासमोर येणाऱ्या बहुतेकांना आपलं मूल कुणाच्या तरी नजरेत भरावं एवढंच हवं असतं. ही इच्छा चांगलीच आहे. फक्त ती जागी झाली की समोरचा कागद नीट वाचणं जड जातं, आणि फसवणारे नेमके त्याच वेळी सही मागतात. म्हणून मी आधी दोघांकडून एक गोष्ट कबूल करून घेतली: मुलगी गुणी आहे का आणि ही एजन्सी विश्वासाची आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आलं, तरी पहिल्याला धक्का लागत नाही. बाबांनीच ते मोठ्याने म्हटलं. मग आईने पिशवीतून करारनामा काढला.

आम्ही तो पेन्सिल घेऊन वाचला. मी त्यांना एकच गोष्ट शोधायला सांगितली: या लोकांना पैसे कोण देतं आणि कधी देतं? नीट चालणारी एजन्सी कमिशनवर जगते. मुलाला काम मिळालं, जाहिरातदाराने मानधन दिलं, की त्यातला ठरलेला हिस्सा, साधारण 10 ते 20 टक्के, एजन्सी घेते. मुलाला काम मिळालं नाही तर तिलाही काही मिळत नाही, म्हणून ती थोडीच मुलं घेते आणि अनेकांना सरळ ‘नाही’ म्हणते. या करारात कमिशनचा उल्लेख अर्ध्या ओळीत होता. नोंदणी शुल्क, पोर्टफोलिओ, ‘ग्रूमिंग’चे, म्हणजे चालण्या-बोलण्याच्या तयारीचे वर्ग आणि ‘भरलेली रक्कम कोणत्याही कारणाने परत मिळणार नाही’ यांनी मात्र एक अख्खं पान व्यापलं होतं. कामाची हमी तोंडी होती, कागदावर तिचा पत्ता नव्हता. म्हणजे कंपनीची कमाई सही झाली त्याच दिवशी पूर्ण होत होती. पुढे मुलीला काम मिळो न मिळो, त्यांचं काहीच अडत नव्हतं. बाबांनी त्या ओळींखाली रेघा मारल्या, पण ‘बघ, मी म्हणत होतो ना’ हे म्हणायचं टाळलं. त्यासाठी मला त्यांचं मनापासून कौतुक वाटलं.

पोर्टफोलिओचंही तसंच. या वयात दात पडतात, उंची वाढते, चेहरा काही महिन्यांत बदलतो. महागडा फोटोसंच वर्षाच्या आत जुना होतो. सुरुवातीला घरी, खिडकीच्या उजेडात, मेकअपशिवाय काढलेले साधे फोटो पुरतात: चेहऱ्याचा एक, बाजूने एक, पूर्ण उंचीचा एक. एजन्सी ‘आमच्याच फोटोग्राफरकडून काढा’ असं बजावत असेल, तर कमाई त्या फोटोंतच आहे असं समजायला हरकत नाही.

आगाऊ पैसे मागण्याचा हा प्रकार इतका जुना आहे की काही ठिकाणी त्यावर कायदेच झाले. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने 2009 मध्ये, काम मिळवून देण्यासाठी कलाकाराकडून आगाऊ शुल्क घेण्याला बंदी घातली. मुलांच्या कमाईचा कायदा तर तिथे 1939 पासून आहे. जॅकी कूगन हा मूकपटांच्या काळातला अतिशय गाजलेला बालकलाकार. मोठा झाल्यावर त्याला कळलं की आपली जवळजवळ सगळी कमाई आई आणि सावत्र वडिलांनी खर्च केली आहे. 1938 मध्ये त्याने दावा लावला, आणि पुढच्याच वर्षी मुलाच्या मिळकतीचा काही भाग त्याच्यासाठी राखून ठेवण्याचा कायदा झाला. इंग्लंडमध्ये मुलाला कामावर घेण्याआधी बहुतेक वेळा स्थानिक परिषदेचा परवाना लागतो. भारतात 2017 च्या नियमांनुसार जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, आणि मिळकतीतले किमान 20 टक्के मुलाच्या नावे मुदत ठेवीत जावे लागतात. आपण राहतो तिथला नियम कुठला, हे एजन्सीलाच विचारावं. खरं काम करणाऱ्यांना हे पाठ असतं, कारण परवानगीशिवाय त्यांचं चित्रीकरणच अडतं.

त्या दिवशी पैसे भरायचे नाहीत, एवढं ठरलं. आईने माझ्यासमोरच एजन्सीला मेसेज लिहिला. गेल्या वर्षभरात काम मिळालेल्या मुलांपैकी दोघांच्या पालकांशी बोलता येईल का? ज्या जाहिराती तुम्ही केल्या म्हणता, त्या कंपन्यांमध्ये कुणाकडे खात्री करू? शुल्क पहिल्या मानधनातून कापून घ्याल का? करार घरी नेऊन वकिलाला दाखवायला आठवडा मिळेल का? भाषा अगदी सौम्य होती. आरोप एकही नव्हता.

उत्तर आवाजी संदेशातून आलं. आईने तो स्पीकरवर लावला. ‘ताई, तुमचाच विश्वास नसेल तर मुलीचं भवितव्य कसं घडणार? तुमच्या जागेसाठी दुसरे पालक थांबलेत.’ चारही प्रश्न तसेच राहिले. आईचा चेहरा पडला, पण संदेश संपल्यावर ती म्हणाली, ‘काल हेच ऐकून मी पैसे भरले असते.’ नंतर बाबांनी त्यांच्या संकेतस्थळावरचे मुलांचे फोटो इंटरनेटवर शोधून पाहिले. त्यातले काही विकतच्या फोटोंच्या साठ्यातले निघाले. कंपनी मात्र रीतसर नोंदवलेली होती. नोंदणी म्हणजे भरवसा, असं अनेकांना वाटतं. नोंदणीतून कंपनी अस्तित्वात आहे एवढंच कळतं, ती कशी वागते ते कळत नाही.

उरला सगळ्यात नाजूक भाग. मुलीला ‘तू सिलेक्ट झालीस’ हे आधीच सांगून झालं होतं. ‘त्यांनी तुला घेतलं नाही’ असं खोटं सांगू नका, असा माझा आग्रह होता. त्याने तिच्यावर नसलेला पराभव लादला जातो. ‘ती माणसं नीट वागत नव्हती, म्हणून आईबाबांनी नाही म्हटलं’ हे सात वर्षांच्या मुलाला व्यवस्थित कळतं. तिला त्या दिवसातलं काय आवडलं, तेही विचारायला सांगितलं. तिने सांगितलं की नंबरची चिठ्ठी आवडली आणि रांगेतली एक मैत्रीण आवडली. ‘परत हस, परत हस’ म्हणत होते ते आवडलं नाही. पुढे काही आठवड्यांनी ती मुलांच्या नाट्यवर्गात जाऊ लागली. वर्गात बोलते की नाही ते मी विचारलेलं नाही.

वर्षभराने आई पुन्हा आली, दुसऱ्या एजन्सीचा करार घेऊन. शुल्क नाही, फोटो मोबाइलवरचेच, मुदत एक वर्षाची, मधे सोडायची सोय. पैशाची बाजू स्वच्छ होती, म्हणून आम्ही बाकीचं वाचलं. फोटो कुठे आणि किती काळ वापरणार? मर्यादा लिहून घ्या. दुसऱ्या कुणाकडे काम करायला मनाई आहे का? शाळा किती दिवस बुडेल? मानधन कुणाच्या खात्यात जाणार? आणि चित्रीकरणाच्या जागी आई किंवा बाबा मुलीच्या नजरेसमोर राहतील, हे करारात हवंच. ‘पालक बाहेर थांबा, मुलं लाजतात’ असं कुणी म्हटलं, बंद खोलीत एकटीची ऑडिशन मागितली, किंवा कमी कपड्यांतले फोटो फोनवर पाठवायला सांगितले, तर कितीही नावाजलेली संस्था असो, मुलीला घेऊन निघायचं. कारण सांगत बसायचं नाही, आणि गरज वाटली तर पोलिसांकडे जायचं. ते संदेश पुसू नयेत, ते पुरावा असतात.

पैसे आधीच भरून बसलेल्या पालकांनीही शरमेने गप्प राहू नये. पावती, करार, संदेश एकत्र ठेवा, परताव्याची मागणी लेखी करा, कार्डाने किंवा ऑनलाइन भरले असतील तर त्याच दिवशी बँकेला कळवा आणि ग्राहक तक्रार यंत्रणेकडे नोंद करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.