ग्रीन पॉवरला काय म्हणायचं: हरित, अपारंपरिक की नवीकरणीय?

प्रश्न असा आलाय की सोसायटीच्या नोटिशीत 'ग्रीन पॉवर'ला मराठी शब्द हवाय, कुणी हरित ऊर्जा म्हणतंय, कुणी अपारंपरिक, कुणी नवीकरणीय, तर हे सगळे एकच का, आणि अक्षय ऊर्जा बरोबर की अक्षय्य?

एकच नाहीत हो. सर्रास एकाच्या जागी दुसरा वापरतात म्हणून तसं वाटतं, पण नवीकरणीय हा शब्द वीज कशापासून झाली ते सांगतो, हरित हा ती बनवताना हवापाण्याचं काय झालं ते सांगतो, आणि अपारंपरिक एवढंच सांगतो की एके काळी लोकांना त्या प्रकाराची सवय नव्हती.

हा अपारंपरिक आता सोडून द्यावा असं माझं ठाम मत आहे. १९८२ मध्ये केंद्रात अपारंपरिक ऊर्जेचा विभाग निघाला, १९९२ ला त्याचं मंत्रालय झालं, आणि २००६ मध्ये त्यांनीच नाव बदलून नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा असं केलं, आपल्याकडे मात्र जुना शब्द अजून चिकटून आहे. आता बघा, खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं, मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालल्या, शंभर वर्षांहून जुनी गोष्ट ही, तिला अपारंपरिक कसं म्हणणार? पण नवीकरणीय ती नक्कीच आहे.

नवीकरणीय म्हणजे जे वापरलं तरी निसर्ग परत भरून देतो, आणि तेही आपल्या हयातीत. कोळसापण निसर्गानेच दिलाय पण त्याला कोट्यवधी वर्षं लागली, चंद्रपूरला आज जो जळतोय तो आपल्यासाठी संपलाच. याउलट कोयना घ्या. अरबी समुद्राचं पाणी वाफ होऊन वर जातं, पावसाळ्यात सह्याद्रीवर कोसळतं, शिवसागर जलाशयात साठतं, तिथून बोगद्यांतून खाली पोफळीकडे सोडलं की टर्बाइन फिरतात, आणि मग तेच पाणी वाशिष्ठी नदीतून परत अरबी समुद्रात. नवीकरण या शब्दाचा इतका नेमका अर्थ मला दुसरीकडे कुठे दिसत नाही, म्हणून कुणी विचारलं की मी कोयनाच सांगतो.

आणि यातही सरकारी व्याख्येची एक गंमत आहे, आपल्याकडे आधी २५ मेगावॉटपर्यंतचेच जलविद्युत प्रकल्प नवीकरणीय धरायचे, मोठे धरायचे नाहीत, मार्च २०१९ मध्ये केंद्राने मोठ्यांनाही त्यात घेतलं. म्हणजे १९६० मेगावॉटच्या कोयनेचं पाणी तेच, सह्याद्री तोच, फक्त शब्दाची हद्द सरकली. त्यामुळे जुने आणि नवे आकडे शेजारी ठेवताना तेव्हा या शब्दात काय काय धरलं होतं ते आधी बघा.

बाकीचे स्रोत तसे ओळखीचेच आहेत. साताऱ्यात चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या, धुळ्याच्या साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला वारा आणि त्याच तालुक्यात शिवाजीनगरला सौर प्रकल्प. मुळात वाराही सूर्यामुळेच, कारण जमीन-पाणी कमीजास्त तापलं की हवा सरकते. फक्त भरती-ओहोटीवरची वीज मुख्यतः चंद्राची आणि भूऔष्णिक वीज पृथ्वीच्या पोटातली.

आता हरित कुठे वेगळा पडतो ते बघा. साखर कारखान्यात उसाचं चिपाड, म्हणजे तिथल्या भाषेत बगॅस, जाळून सहवीजनिर्मिती होते, म्हणजे एकाच वाफेवर कारखानाही चालतो आणि वीजही होते. ऊस पुढच्या हंगामात परत येतो, जळताना निघालेला कार्बन वाढताना परत शोषतो, म्हणून ती नवीकरणीय, पण चिमणीतून धूर तर निघतोच, मग हरित म्हणताना तो किती गाळला जातो हे विचारायलाच हवं. उलट तारापूरला १९६९ पासून अणुवीज होतेय, तिथे धूर नाही, पण युरेनियम खाणीतून काढावं लागतं आणि ते मर्यादित आहे, म्हणून अणुवीज स्वच्छ म्हणता येईल, नवीकरणीय नाही.

तुमच्या नोटिशीपुरतं बोलायचं तर 'हरित वीज' लिहा. इथे पॉवर म्हणजे वीजच, शक्ती नाही, त्यामुळे 'हरित शक्ती' तर अजिबात नको. ऊर्जा चुकीचं नाही पण त्यात उष्णता, इंधन सगळंच येतं आणि सोसायटी घेणार आहे ती वीज. खाली एक ओळ जरूर टाका की ही वीज वेगळ्या तारेतून येत नाही. ग्रिडमध्ये, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या तारांच्या जाळ्यात, कोळशाची, पाण्याची, उन्हाची सगळी वीज एकत्र मिसळते, हरित वीज घेणं म्हणजे आपण वापरली तेवढी युनिट्स वीज कंपनीने नवीकरणीय स्रोतातून आपल्या नावावर घेणं, तो हिशोब आहे, आणि खरा हिशोब आहे. राज्य वीज नियामक आयोगाने २०२१ मध्ये त्यासाठी युनिटमागे ६६ पैसे जादा दर ठरवला होता, सध्याचा दर बिलावर बघून घ्या. हे लिहिलं नाही तर लोकांना वाटतं मीटरच्या मागची वीजच बदलली, आणि मग पहिल्याच मीटिंगला वाद.

राहिला अक्षय की अक्षय्य. दोन्ही शुद्ध आहेत. अक्षय म्हणजे ज्याला क्षय नाही, अक्षय्य म्हणजे ज्याचा क्षय करता येणं शक्यच नाही, पाणिनीने 'क्षय्य' हे रूप याच शक्यतेच्या अर्थाने वेगळं नोंदवलंय, आणि आपण अक्षय्य तृतीया म्हणतो तो हाच शब्द. सूर्याबद्दल बोलायचं तर अक्षय्य शोभतो. चिपाडाबद्दल मात्र मी दोन्ही वापरणार नाही, कारण उसाला पाणी मिळालं नाही तर पुढच्या वर्षी चिपाड पण नाही, तिथे नवीकरणीयच बरोबर.